स्मृतीची काटकसर

यंत्राला स्मृती असते, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण ती स्मृती एके काळी बायकांनी सुई-तारेने विणलेली होती, आणि त्या विणकामाच्या भरवशावर माणसे चंद्रावर जाऊन सुखरूप परत आली, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्या भगिनींच्या कानांवर गेली असेल. आपल्या मंडळाला यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ज्या सुमारास मंडळाच्या संस्थापक भगिनी शिवण-विणकामाचा पहिला वर्ग भरवीत होत्या, जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत हे दुसरे विणकाम चालले होते. म्हणून ह्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय निवडला आहे. केवळ एक नवल सांगावे एवढाच माझा हेतू नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात मी नोकरीची तेहतीस वर्षे काढली. जागेची टंचाई माणसाला काय शिकवते आणि तिचे कर्ज पुढे कोणाच्या माथी बसते, हे त्या वर्षांत मला जवळून पाहावयास मिळाले. त्या दोन्ही बाजू आपणांपुढे मांडाव्यात असे वाटते.

प्रथम थोडे स्पष्टीकरण करते. संगणकाला दोन गोष्टी मनात धराव्या लागतात. काय करावयाचे त्याच्या सूचना ही एक, आणि ज्यावर काम करावयाचे ते आकडे ही दुसरी. आपण पाककृती वहीत लिहितो आणि सामान ओट्यावर मांडतो. संगणकाची वही आणि ओटा मात्र एकाच स्मृतीत असतात, आणि ती स्मृती लहान असली की ओढाताण सुरू होते. मग सूचना थोडक्यात लिहाव्या लागतात, आकडे आखूड करावे लागतात, नाही तर एका कामाची जागा पुसून दुसऱ्याला द्यावी लागते. संगणकाच्या इतिहासातील कितीतरी शहाणपण आणि कितीतरी मनस्ताप ह्या तीन युक्त्यांतून जन्मास आला आहे.

१९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ नावाचे यंत्र जगापुढे आले. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्यांनी एक भले मोठे दालन भरून गेले होते. पण चालू हिशेबातील संख्या धरून ठेवण्याची त्याची ऐपत किती? दहा अंकी अशा अवघ्या २० संख्यांची! सूचना साठविण्यास तर प्रारंभी जागाच नव्हती. प्रत्येक नव्या हिशेबासाठी तारा नव्याने जोडाव्या आणि खटके नव्याने फिरवावे लागत. हे काम सहा तरुण स्त्रिया करीत असत. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. त्या यंत्राच्या छायाचित्रांत त्या दिसतात. त्यांच्या कामाला योग्य तो मान मिळण्यास मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली.

ह्यानंतर इंग्लंडकडे वळू. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स ह्यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या ‘एडसॅक’ यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवून दाखविली. ह्याची स्मृती पाऱ्याची होती! पाऱ्याने भरलेल्या लांब नळीच्या एका टोकाला ध्वनीचे सूक्ष्म ठोके द्यावयाचे, ते दुसऱ्या टोकाला पोचले की पकडून पुन्हा पहिल्या टोकाला सोडावयाचे. ठोका फिरत आहे तोवर आठवण शाबूत. लहान मुलाला दुकानात पाठविले की ते ‘साखर, चहा, काडेपेटी’ असे घोकत जाते ना, तसाच हा प्रकार. प्रारंभी ह्या यंत्रात ५१२ शब्द मावत. येथे ‘शब्द’ म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक खण, ज्यात एखादी संख्या किंवा एखादी सूचना बसते, एवढेच समजावे.

एवढ्याशा जागेत मोठी गणिते बसवायची कशी? डेव्हिड व्हीलर ह्या तरुण संशोधकाने ह्यावर जी तोड काढली ती आजतागायत चालू आहे. वर्गमूळ काढण्याची किंवा उत्तर छापण्याची कृती आज्ञावलीत दहा ठिकाणी लागत असेल तर ती दहा वेळा लिहावयाची नाही. ती एकदाच एका ठिकाणी ठेवावी, जरूर पडेल तेथून तिकडे जावे, आणि काम होताच निघालो होतो तेथे परत यावे. आपण तरी पाककृतीच्या वहीत प्रत्येक भाजीखाली मोहरी-हिंग-हळद पुन्हा लिहितो काय? ‘नेहमीची फोडणी द्यावी’ एवढे लिहिले की पुरते. अशा तयार कृतींचा एक संग्रहच केंब्रिजला कागदी फितींवर जमविण्यात आला. श्रम वाचले, जागा वाचली, आणि एकाने तपासून घेतलेली कृती सर्वांच्या उपयोगी पडू लागली. आज मोठमोठ्या आज्ञावल्यांची रचना ज्या पायावर उभी असते, त्या पायात टंचाईचा असा एक दगड आहे.

पाऱ्याच्या जागी पुढे लोहचुंबकाची कडी आली. मोहरीहून थोडी मोठी अशी फेराइटची कडी तारांच्या जाळीत ओवावयाची. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर ‘एक’, दुसऱ्या दिशेने झाली तर ‘शून्य’. अमेरिकेत जे फॉरेस्टर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५३ साली ‘व्हर्लविंड’ यंत्रात ही स्मृती बसविण्यात आली आणि पुढील वीसएक वर्षे तिचेच राज्य होते. आपल्या मुंबईतही ती फार उशिरा आली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला, तो ह्याच कड्यांच्या स्मृतीवर. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक ‘एक’. पं. जवाहरलाल नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलेल्या त्या यंत्राने १९६५ पर्यंत शास्त्रज्ञांची गणिते केली. दोन हजार खणांत आपले काम बसविण्याची विद्या आपल्याकडील पहिल्या पिढीने अशी घरच्या यंत्रावर आत्मसात केली.

आता ज्या विणकामाचा मी प्रारंभी उल्लेख केला त्याकडे येते.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानासाठी संगणक बनविण्याचे काम १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेकडे सोपविण्यात आले. चार्ल्स स्टार्क ड्रेपर हे तिचे प्रमुख होते. संगणक हलका हवा, थोड्या विजेवर चालणारा हवा, आणि धक्के व थंडी-उष्णता सोसूनही आपले पाठांतर न विसरणारा हवा, अशा त्यावेळच्या अपेक्षा होत्या. अखेर जो संगणक चंद्रावर गेला त्याचे वजन सुमारे ३२ किलो होते. त्यात कायमच्या स्मृतीचे ३६,८६४ शब्द आणि पुसता येणाऱ्या स्मृतीचे २,०४८ शब्द होते. प्रत्येक शब्द १६ बिटांचा, व त्यांतील एक बिट तपासणीसाठी राखलेला. ही सारी स्मृती आजच्या चार गिगाबाइट स्मृतीच्या साध्या मोबाइलशी ताडून पाहिली, तर मोबाइलची स्मृती पन्नास हजार पटींहून अधिक भरते.

ह्यांतील कायमची स्मृती खरोखर विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात हे काम चाले. वॉल्थॅम हे मनगटी आणि खिशातल्या घड्याळांसाठी नावाजलेले गाव, आणि सभोवारचा मुलूख कापडगिरण्यांचा. तेथील कसबी हातांच्या स्त्रियाच ह्या कामावर घेण्यात आल्या. तांब्याची बारीक तार कड्याच्या आतून गेली तर ‘एक’, बाहेरून गेली तर ‘शून्य’, असा संकेत होता. एका पेटीत ५१२ कडी आणि त्यांतून-बाहेरून जाणाऱ्या १९२ तारा. अशा सहा पेट्या मिळून एका संगणकाची कायमची स्मृती होई. छिद्रित फितीवर चालणारे एक यंत्र नेमके कडे सुईसमोर आणून धरी आणि बाई तार ओवीत असे. एका पेटीत ९८ हजारांवर बिटे असत. त्यातले एक चुकले तरी ती सूचना चुकली. विणून झालेली पेटी तपासून, राळेसारख्या द्रव्यात बुडवून घट्ट करीत. लोकरीचा टाका चुकला तर आपण उसवतो. ह्या दोरीला उसवण्याची सोय नव्हती.

अभियंते ह्या स्मृतीला गमतीने ‘छोट्या म्हाताऱ्या बायांची स्मृती’ म्हणत. थट्टा प्रेमळ असेल. पण इतिहासात त्या बायांची ओळख प्रामुख्याने ह्या टोपणनावानेच उरावी, ह्याचे मला वाईट वाटते. पायलटाचे नाव राहते, गणित मांडणाऱ्याचे नाव राहते. ज्या हातांनी ते गणित तारेत उतरविले ते हात घोळक्यानेच ओळखले जातात. आपल्याकडील पैठणीवर तरी विणकराचे नाव कोठे असते? असो.

ह्या विणकामाचा आज्ञावली लिहिणारांवर काय परिणाम झाला तो पाहण्याजोगा आहे. विणण्यास आठवडेच्या आठवडे लागत. त्यामुळे उड्डाणापूर्वी कित्येक महिने आज्ञावली कायम करून कारखान्याकडे पाठवावी लागे. मागाहून ‘एवढे बदलू या’ म्हणण्याची मुभा नसे. साहजिकच तपासणी कसून होई. प्रत्येक मोहिमेच्या आज्ञावलीवर देखरेख ठेवणाऱ्या व्यक्तीला प्रयोगशाळेत ‘दोरीची आई’ म्हणत असत, मग ती व्यक्ती पुरुष का असेना!

जागा वाचविण्याच्या युक्त्याही नामी होत्या. यानाची दिशा काढण्याची लांबलचक गणिते यंत्राच्या मूळ भाषेत लिहिली तर फार जागा खात. म्हणून स्मृतीत एक ‘दुभाषी’ बसविण्यात आला. गणिते त्रोटक सांकेतिक भाषेत लिहावयाची, आणि दुभाष्याने ती वाचून यंत्राकडून करवून घ्यावयाची. दुभाष्यामुळे काम मंदावते, पण जागा पुष्कळ वाचते. वेळ देऊन जागा विकत घेण्याचा हा सौदा होता, आणि जेथे घाई नव्हती तेथेच तो केला जाई. प्रत्यक्ष घाईची कामे यंत्राच्या मूळ भाषेतच ठेवलेली असत.

पुसता येणाऱ्या दोन हजार शब्दांची गोष्ट तर चाळीत संसार केलेल्या कोणाही भगिनीला चटकन उमगेल. चाळीतील खोली सकाळी मुलांची अभ्यासिका, दुपारी जेवणघर, संध्याकाळी दिवाणखाना आणि रात्री शेजघर. जागा तीच, वेळ वेगळी. अपोलोच्या स्मृतीतील काही खण असेच निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांसाठी, कोठे कोठे तर सात सात कामांसाठी, वापरले जात. ह्यात धोका उघड आहे. पाहुणे उठण्याआधीच कोणी अंथरूण घालू लागले तर जो घोटाळा होईल तोच येथेही होणार. म्हणून कोणता खण कोणी केव्हा वापरावयाचा ह्याची नोंद काटेकोर ठेवावी लागे.

तरीही जागा पुरेना. आधीच्या नमुन्यात कायमच्या स्मृतीचे २४,५७६ शब्द होते ते वाढवून ३६,८६४ केले, तरी पुरेना. अखेर १९६६ साली नासाचे बिल टिंडॉल ह्यांनी बैठका घेऊन आज्ञावलीतील काय काय काढून टाकावयाचे ते ठरविले. ज्यांची महिन्यांची मेहनत कात्रीत गेली त्यांनी त्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ असे नाव ठेवले.

मोजक्या जागेत काय ठेवावे आणि काय सोडावे हा निर्णय वरवर हिशेबाचा दिसतो. प्रत्यक्षात तो माणसांविषयीच्या समजुतीचा असतो. मार्गारेट हॅमिल्टन ह्या बाई यानावरील आज्ञावल्या लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या. त्यांची लहान मुलगी कधी कधी त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत येई. एकदा खेळता खेळता तिने नकली यानाची अशी काही बटणे दाबली की उड्डाण चालू असतानाच उड्डाणापूर्वीची आज्ञावली सुरू झाली आणि सारे बंद पडले. बाईंनी सुचविले की असे होऊ नये म्हणून आज्ञावलीत एक पहारा बसवावा. अंतराळवीर शिकून तयार झालेले असतात, ते अशी चूक करणार नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परत येत असता जिम लोव्हेल ह्या अनुभवी अंतराळवीराच्या हातून नेमकी तीच चूक झाली! यानाची दिशा कोणती, हे संगणक विसरला. तारे पाहून ती दिशा पुन्हा बसवून घ्यावी लागली. एका लहान मुलीने दाखवून दिलेली उणीव तज्ज्ञांना पटण्यास चंद्रापर्यंत जाऊन यावे लागले. ह्यानंतर पहारा बसविण्यास संमती मिळाली, हे सांगावयास नकोच.

परंतु ज्या काटकसरीमागे दूरदृष्टी होती ती कशी तारून नेते, ते २० जुलै १९६९ रोजी दिसले. अपोलो ११ चे यान चंद्राच्या भूमीकडे उतरत असता संगणकावर १२०२ ह्या आकड्याचा इशारा झळकला. अर्थ असा की, नवे काम हाती घेण्यास लागणारा बारा शब्दांचा खण आता एकही मोकळा नाही. एका रडारच्या जोडणीतील बिघाडामुळे संगणकाकडे निरर्थक ठोक्यांचा ओघ लागला होता. त्यांत त्याचा सुमारे सातवा हिस्सा वेळ खर्ची पडत होता. आधीची कामे आटोपण्यापूर्वीच नवी येत होती, आणि खण भरून गेले होते.

असा प्रसंग येऊ शकेल हे गृहीत धरूनच हॅल लेनिंग ह्यांनी कामांची व्यवस्था लावून ठेवली होती. प्रत्येक कामाला महत्त्वाप्रमाणे क्रम दिलेला होता. जागा संपली की संगणकाने सर्व कामे क्षणभर टाकून द्यावयाची, आणि जी मोलाची तेवढीच पुन्हा जेथे थांबली तेथून उचलावयाची. त्याप्रमाणे यान सावरून धरण्याचे व इंजिनाचे काम अखंड चालू राहिले. पडद्यावरील आकडे दाखविण्यासारखी कामे मागे पडली. ह्यूस्टन येथील नियंत्रण केंद्रात २४ वर्षांच्या जॅक गार्मन ह्यांनी हा इशारा ओळखला, स्टीव्ह बेल्स ह्यांनी पुढे जाण्यास हरकत नाही असा निर्णय दिला, आणि यान उतरले. घरात एकाच वेळी दूध उतू जात असावे, दारात माणूस उभा असावा आणि पाळण्यातले मूल रडत असावे, अशा वेळी आधी काय उचलावयाचे हे जिला ठाऊक असते, तिला ह्या व्यवस्थेचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागू नये.

१९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ च्या वेळी ह्याहून चमत्कारिक पेच आला. उतरणे रद्द करण्याचा खटका न दाबताच दाबल्यासारखा संदेश देऊ लागला. विणलेली स्मृती तर बदलता येत नव्हती. डॉन आइल्स ह्या तरुण आज्ञावलीकाराने थोड्या तासांत तोड शोधली. पुसता येणाऱ्या स्मृतीत काही नेमके आकडे घालून संगणकाला त्या खटक्याकडे दुर्लक्ष करावयास लावता येत होते. ते आकडे पृथ्वीवरून वाचून सांगितले गेले, एडगर मिचेल ह्यांनी ते हाताने भरले, आणि मोहीम पार पडली. आज्ञावलीतील खण अन् खण ज्याला पाठ होता, त्यालाच हे सुचू शकले. जागा थोडी असली की घराचा कोनाकोपरा ओळखीचा होतो. टंचाईची ही एक देणगीच म्हणावी लागेल.

येथवर काटकसरीचे गुण गायिले. आता तिची दुसरी बाजू सांगते.

ज्या काळात हे सारे घडत होते, त्याच काळात विमा कंपन्या, बँका आणि सरकारी कचेऱ्या संगणक घेऊ लागल्या होत्या. १९५९ साली जाहीर झालेला आयबीएम १४०१ हा त्यांचा लाडका संगणक. त्याची लहानात लहान स्मृती १,४०० अक्षरांची होती आणि मोठ्यात मोठी १६,००० अक्षरांची. माहिती ८० स्तंभांच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर छिद्रे पाडून भरीत. अशा वेळी १९६२ हे वर्ष नुसते ६२ असे लिहिले तर दोन स्तंभ वाचत. एक लाख विमापत्रे आणि प्रत्येकावर तीन तारखा धरल्या, तर सहा लाख अक्षरे वाचली. म्हणजे साडेसात हजार कार्डे! ज्यांनी हे केले ते मूर्ख खचितच नव्हते. शतकाचा शेवट तेव्हा चाळीस वर्षे दूर होता, आणि आपली आज्ञावली तोवर टिकेल असे कोणाला वाटले असेल? बॉब बेमर ह्या संगणकतज्ज्ञाने १९७१ साली ह्या धोक्याचा छापील इशारा दिला होता, पण तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुढे स्मृती स्वस्त झाली, कार्डे गेली, तरी दोन अंकांची सवय गेली नाही.

१९९३ नंतर आरडाओरड सुरू झाली आणि हे जुने कर्ज फेडण्याचे पुष्कळसे काम मुंबई, पुणे, बंगलोर येथे आले. १९९७ ते १९९९ अशी तीन वर्षे मीही ते केले. एका परदेशी विमा कंपनीच्या कोबोल भाषेतील आज्ञावल्या आमच्या गटाकडे होत्या. त्या लिहिणारे लोक निवृत्त झालेले, काही दिवंगत. कोठे तारखेला एकाच अक्षराचे नाव दिलेले, कोठे एकाच खणात आधी हप्ता आणि मग वय ठेवलेले. खुलाशाची एक ओळ नाही. ९९ हा आकडा पुष्कळ ठिकाणी वर्ष नव्हताच. ‘तारीख ठाऊक नाही’ ह्या अर्थाची ती खूण होती. हे एकदा ध्यानात आल्यावर आम्हांला प्रत्येक ९९ पाशी थांबून विचारावे लागे, तू वर्ष आहेस की खूण? आमच्या गटात निम्म्याहून अधिक मुली होत्या. रात्रपाळी करून, पहाटेच्या लोकलने घरी जाऊन डबे करणाऱ्या त्या मुलींनी ओळ न् ओळ वाचून काढली. १ जानेवारी २००० चा दिवस उजाडला आणि फारसे काही बिघडले नाही. तेव्हा लोक म्हणू लागले की हे सारे थोतांडच होते! घर स्वच्छ राहिले की केर कोणी काढला हे कोणी विचारीत नाही, त्यातलाच हा प्रकार. ह्या कामापायी जगभर ३०० ते ६०० अब्ज डॉलर खर्च होतील, असा गार्टनर ह्या संस्थेचा त्या वेळचा अंदाज होता. साठ सालच्या दोन स्तंभांचे हे व्याज!

आणि हे कर्ज पुरते फिटले असेही नाही. घाईमुळे अनेक ठिकाणी वर्ष चार अंकी न करता एक मर्यादा घालून दिली गेली. उदाहरणार्थ, ३० च्या आतील आकडा दिसला तर दोन हजारनंतरचे शतक समजावे, वरचा दिसला तर त्याआधीचे. म्हणजे कर्ज फेडले नाही, त्याची मुदत वाढवून घेतली. ह्याखेरीज, कित्येक यंत्रे १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ते माप १९ जानेवारी २०३८ रोजी भरणार आहे.

काटकसरीची अशी भीती वाटू लागली की मुबलकतेची महती कळते. स्मृती स्वस्त झाली म्हणूनच आज्ञावल्यांत खुलासे लिहिता येऊ लागले, खणांना समजेल अशी नावे देता येऊ लागली, पहारे बसविता येऊ लागले. आपल्या दृष्टीने ह्याहून मोठा लाभ म्हणजे आपली लिपी. जुन्या अमेरिकन संकेतमालेत १२८ चिन्हे होती आणि तीत देवनागरीला थारा नव्हता. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांना आपापले घर मिळू लागले. नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ ह्या शब्दाला पंधरा बाइट लागतात. तोच रोमन लिपीत सात बाइटांत बसतो. जुन्या काळच्या चिकट हिशेबनिसाने ही दुप्पट उधळपट्टी कधीच मान्य केली नसती. आपल्या नातवंडांना आपण मराठीत पत्र पाठवू शकतो, ते मुबलकतेच्या कृपेने.

मुबलकतेने ढिलाईही आणली, हे नाकारता येत नाही. यंत्रे जितक्या लवकर वेगवान होतात त्याहून लवकर आज्ञावल्या जडावत जातात, अशी तक्रार स्वित्झर्लंडचे प्रा. निकलाउस विर्थ ह्यांनी १९९५ साली सडपातळ आज्ञावल्यांची बाजू घेणाऱ्या आपल्या लेखात मांडली होती. चांगला चालणारा मोबाइल तीन-चार वर्षांत ‘भरला’ म्हणून टाकून देण्याची पाळी आपणां सर्वांवर येते, तिच्या मुळाशी पुष्कळ वेळा हीच ढिलाई असते. कपाट मोठे घेतले की सामान वाढते, हे का आपल्याला नवीन आहे?

मग काटकसर चांगली की वाईट? ह्याचे उत्तर मला एका अलीकडच्या घटनेत सापडले. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान सौरमालेच्या ग्रहांपलीकडे गेलेले आहे. त्यावरील सर्व संगणकांची स्मृती मिळून सत्तर किलोबाइटच्या आसपास भरते. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याने निरर्थक मजकूर पाठविण्यास सुरुवात केली. शोध घेता असे आढळले की एका संगणकाच्या स्मृतीतील एक तुकडा निकामी झाला आहे, आणि सुमारे तीन टक्के स्मृती वाया गेली आहे. निकामी भागातील आज्ञावली एकत्र ठेवण्याएवढी सलग जागा दुसरीकडे कोठेही नव्हती. तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचे तुकडे केले, एकेक तुकडा मिळेल त्या कोपऱ्यात बसविला, आणि त्यांचे परस्परांकडे जाणारे रस्ते नव्याने आखून दिले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला आदेश पाठविला. तो पोचावयास साडेबावीस तास आणि उत्तर यावयास तितकेच. दोन दिवसांनी उत्तर आले, यान पुन्हा शुद्धीवर आले! ह्या मोहिमेच्या प्रमुख सुझान डॉड ह्या एक स्त्री होत्या, हेही सांगण्यास मला आनंद वाटतो.

हे साधले, कारण सेहेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले काम आजच्या माणसांना जुने कागद धुंडाळून समजून घेता आले. विमा कंपनीच्या आज्ञावल्यांची आणि व्हॉयेजरची काटकसर एकाच टंचाईतून आलेली. एकीने आपल्या मागे खुणा ठेवल्या, दुसरीने त्या ठेवल्या नाहीत. माझ्या अल्प मतीप्रमाणे सारा भेद येथे आहे. जागा वाचविणे हा गुण खरा. पण ती कशी वाचविली, काय गाळले, आणि ते कधी परत भरावे लागेल, हे पुढच्यासाठी लिहून ठेवले तरच तो गुण टिकतो. नाही तर आजची बचत उद्या दुसऱ्या कोणाच्या रात्रपाळीने फेडली जाते. आणि अशी रात्रपाळी बहुधा ज्यांचे नाव कोठे लिहिले जात नाही त्यांच्याच वाट्याला येते, हे वॉल्थॅमच्या विणकरणींपासून आमच्या गटातील मुलींपर्यंत मी पाहिले-वाचले आहे.

संगणकाशी ज्यांचा संबंध नाही अशा भगिनींनाही ह्यातून घेण्यासारखे आहे. आपल्या मंडळाची जमाखर्चाची वही, पापड-लोणच्यांची प्रमाणे, भिशीचे नियम, हे सारे कित्येकींच्या डोक्यात आहे. कागदावर फारच थोडे आहे. थोडक्यात चालविण्याचे कसब आपल्यापाशी मुबलक आहे. ते कसब कोणाचे होते आणि ते कसे चालते, एवढे आपल्या हयातीत नावानिशी लिहून ठेवावे, ही माझी सर्व भगिनींना आग्रहाची विनंती आहे.